आकडा उतरला, खाज उतरेना

"मंडळी, मी आता जे सांगणार हाय त्यावर तुमचा विश्वास बसणार न्हाय. माझा सुद्धा बसला नसता. पण बोलतोय तो कागद, मी न्हाय!"

भावकू आप्पानं माइक असा धरला होता, की जन्मल्याबरोबर सुईणीनं त्याच्या हातात खुळखुळ्याऐवजी तोच दिला असावा. कोगनोळीच्या अलीकडं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, उसाच्या दोन फडांमधल्या मोकळ्या रानात पत्र्याचा मांडव होता आणि दर गुरुवारी तो फुटायच्या बेताला येई. बाहेर कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या पाट्यांच्या गाड्या शिंगाला शिंग लावून उभ्या. सीमेचा वाद सत्तर वर्षांत सुटला नाही, पण लोक ज्यांना 'रिपोर्ट महाराज' म्हणत त्यांच्या पायाशी दोन्ही राज्यं गुण्यागोविंदानं मांडीला मांडी लावून बसली होती.

"माझी सून मंगल, ही बघा इथं बसलीया. हिचा आकडा किती? सहाशे चाळीस! असावा किती? एकशे तीसच्या आत! महाराजांचा अंगारा घेतला, अकरा दिवस. बाराव्या दिवशी बेळगावच्या लॅबचा कागद हातात आला, तर मंडळी, कागद गरम! का गरम? आतला आकडा एवढ्या वरनं खाली घसरत आलता, घासून घासून कागद तापला!"

"किती झाला?" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"अडतीस!"

शंख वाजला. "आकडा?" असं शिष्यानं विचारलं आणि हजार तोंडांनी उत्तर दिलं, "उतरला!"

व्यासपीठावर महाराज बसले होते. भगव्या कफनीवर पांढरा डॉक्टरी कोट, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि स्टेथोस्कोप एकमेकांत असे अडकलेले, की कुणी कुणाला सोडवायचं हा प्रश्न पडावा. मागे देवाची तसबीर नव्हती. दोन मजली फ्लेक्सवर छापलेला लॅबचा रिपोर्ट होता, त्याला हार घातला होता.

"बेटा," महाराज डोळे मिटून म्हणाले, "अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे काय? अल्कलाइन म्हणजे क्षार. क्षार कुठं असतात? समुद्रात. समुद्र कोण प्यायलं? अगस्ती ऋषी. मग तुझ्या यकृतात खवळलेला समुद्र कोण पिणार?"

"महाराज!"

"महाराज," मागून एक शेतकरी उठला, "माझी साखर तेवढी प्या की. चारशे हाय."

महाराजांनी एक डोळा उघडला. "साखर ही क्षुद्र व्याधी. तो कारखान्याचा विषय. आम्ही त्याला हात लावत नाही."

"मग कावीळ?"

"कावीळ डोळ्यांत असते. आम्ही कागदावर काम करतो."

एवढं धडधडीत खरं महाराज त्या मांडवात पुन्हा कधी बोलले नसतील. पण टाळ्या कडकडल्या आणि ते खरं त्यात चिरडून गेलं.

भावकू खाली उतरला तेव्हा त्याची छाती दोन बोटं रुंद झाली होती. बेळगावच्या वडगावात चाळीस वर्षं त्यानं साड्यांचे माग चालवले, उभ्या धाग्यांतून धोटा इकडून तिकडं फेकला आणि तेवढीच वर्षं थापा विणल्या. मार्कंडेय नदी एकदा त्याची साडी बघायला उलटी वाहत आलती, ही त्याची साधी थाप. भारी थापा त्यानं सणासुदीसाठी राखल्या होत्या. गल्ली ऐकायची, हसायची, "आप्पा, चहा घ्या आता" म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याचं ऐकून हसत नव्हते, हात जोडत होते. ह्या नशेपुढं गांजा म्हणजे बडीशेप.

खाली बायकांच्या रांगेत मंगल बसली होती. तिच्या शेजारी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी बायाक्का, नात आरोहीला घेऊन. बायाक्का मंगलच्या हाताकडं बघत होती. मंगल नखांनी मनगट खाजवत होती, थांबत होती, पुन्हा खाजवत होती.

"आकडा उतरला न्हवं तुझा?" बायाक्कानं विचारलं.

"उतरला की."

"मग ही खाज गं?"

"ती न्हाय उतरली."

महाराजांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, आजार अंगातून बाहेर पडताना दार खरवडतो.

खरी गोष्ट अशी होती. दीड महिन्यापूर्वी मंगलच्या अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज. लघवी कडक चहासारखी, डोळे हळदीच्या हातानं पुसल्यासारखे. बेळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला आणि किशनला, म्हणजे भावकूच्या पोराला, समोर बसवून सांगितलं, "पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. तोंडातून दुर्बीण घालून काढूया. पोट फाडायचं नाही. पण लांबवू नका. तुंबलेल्या पित्तात पू झाला तर जिवावर बेतेल." तारीख सोमवारची मिळाली.

किशनची आई अशीच एका ऑपरेशनला गेली होती आणि चादरीत परत आली होती. त्याला पुढचं काही ऐकूच गेलं नाही. घरी येऊन तो मागाशी बसला आणि त्या दिवशी त्यानं मागावरचा उभा ताना तीन वेळा तोडला. तेव्हा भावकूनंच त्याला सांगितलं, "अरं, कोगनोळीला एक महाराज हाय. दुर्बीण न्हाय, सुई न्हाय. आकडाच उतरवतो. आकडा उतरला की रोग कुठं बसणार, उभाच ऱ्हाणार की!" बापाची थाप ओळखायला किशन लहानपणापासून शिकला होता. पण भ्यालेल्या माणसाला थाप ओळखू येत नाही, आवडते.

सोमवारची तारीख पुढं ढकलली. अकरा दिवसांनी अडतीस आले. किशननं दवाखान्याला फोन करून तारीखच काढून टाकली आणि मठाला घरच्या मागावरची सगळ्यात उंची साडी वाहिली. मठात साड्यांचा ढीग छताला लागला होता. महाराज ब्रह्मचारी होते.

त्या गुरुवारी कोगनोळीहून तिघं घरी आली तर दारात प्रियदर्शनी उभी. भावकूची लेक, किशनची धाकटी बहीण. धारवाडला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला होती, चार दिवसांची रजा काढून आली होती. मंगलला बघताच तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"वहिनी! डोळे कसले झालेत?"

"अंगाऱ्यानं जरा..."

"हात बघू." मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे, जुन्यावर नवे. "खडा काढला न्हाय? दादा?"

"गरज न्हाय पडली," किशन म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद त्यानं आरती ओवाळावी तसा पुढं केला. "बघ. अडतीस."

प्रियदर्शनीनं कागद वाचला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"एकच ओळ? बाकीचं कुठं हाय? बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती?"

"महाराज एवढीच तपासणी सांगतात," भावकू म्हणाला. "बाकीच्या किरकोळ."

"का?"

साधा प्रश्न होता. पण भावकूच्या मनात कुठंतरी कुसळ टोचलं. कारण थापेचं पहिलं शास्त्र तो स्वतः जाणत होता: थाप एकाच धाग्यावर तोलायची. नदी उलटी वाहिली एवढंच सांगायचं. मासे कुठं गेले, पुलाचं काय झालं, हे कुणाला विचारू द्यायचं नाही. त्यानं ते कुसळ झटकलं.

"तुला काय कळतंय? ते यकृताचं मूळ हाय. अल्कलाइन... फास्ट..."

"फॉस्फेटेज. ते मूळबीळ न्हाय, आप्पा. काम करणारं प्रथिन हाय, त्याला एन्झाइम म्हणतात. लिव्हरमधल्या पित्ताच्या वाटेवर असतंय, हाडांत असतंय. पित्ताची वाट तुंबली की लिव्हर ते लई करतंय, मग रक्तात वाढतंय. हाड मोडून सांधत असलं तरी वाढतंय. बाई पोटुशी असली तरी वाढतंय. म्हणून नुसता आकडा बघायचा न्हाय, कुणाचा हाय तेबी बघायचं."

"मग त्या बायाक्काच्या नातीचं काय?" भावकूला मुद्दा सापडला. "तेरा वर्षांची पोर, शाळेच्या तपासणीत तीनशे चाळीस निघाला! महाराज म्हणाले, पितरांचा कोप हाय. लिव्हर सडायच्या आत आणली म्हणून बरं."

"पोर उंच झालीया काय?"

"व्हय. परवाच बायाक्का म्हणत होती, वर्षात फ्रॉकची उसवण दोनदा काढली."

"मग हाडं वाढतायत तिची! त्या वयाला तीनशे म्हणजे धड प्रकृती. एकशे तीस हे मोठ्या माणसाचं माप. तुमचं माप लेकराला लावलं तर तुमचं धोतरसुद्धा त्याला पितरांनीच धाडल्यासारखं दिसंल." प्रियदर्शनी हसली आणि लगेच गंभीर झाली. "ती पोर सतरा-अठरा वर्षांची झाली की आकडा आपसूक उतरणार. आणि साडी वाहायला आजी मठात जाणार."

किशन चिडला. "नातीचं ऱ्हाऊ दे. मंगलचा कसा उतरला ते सांग! लॅब बेळगावची, मोठी. शिक्का खरा. मठाच्या माणसानं लॅबचं तोंड बघितलं न्हाय. शिष्यानं माझ्यासमोर रक्त काढलं, माझ्यासमोर यंत्रात गरागरा फिरवलं, वर आलेलं पिवळं पाणी माझ्यासमोर बारक्या नळीत ओतलं, तांबडा दोरा बांधला आणि माझ्याच हातात दिलं. मी स्वतः लॅबला नेऊन दिलं. सांग, कुठं घोटाळा केला?"

प्रियदर्शनीनं मंगलचा खाजवणारा हात धरून खाली ठेवला.

"दादा, रक्त कसल्या नळीत काढलं?"

"नळीत म्हणजे नळीत. काचेच्या."

"झाकण कसलं होतं?"

"झाकणासारखं."

"वांगी," मंगल म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. मंगल बारा वर्षांची असल्यापासून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती. विणकराच्या घरची बाई पाहुण्याचं नाव विसरेल, त्याच्या सदऱ्याचा रंग विसरणार नाही. वडगावात चोर सापडले ते चेहऱ्यावरून नाही, मफलरीच्या रंगावरून. (हे भावकूचं म्हणणं. पण यावेळी खरं.)

"दवाखान्यात दोन नळ्या भरल्यात्या," मंगल सांगू लागली. "एकीला तांबडं झाकण, एकीला वांगी. मठात नुसती वांगी. डाळिंबी न्हाय, गुलबक्षी न्हाय. दवाखान्यातली वांगी आणि मठातली वांगी एकाच भांड्यात रंगवल्यासारखी, जरासुद्धा फरक न्हाय."

प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारला. "देवा! म्हणजे एवढंच!"

"काय एवढंच?"

"नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नव्या माणसाच्या हातनं होणारी चूक, दादा. मीबी केलती. साहेबांनी सगळ्यांच्या देखत झाडलंतं. वांगी झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतंय. हिमोग्लोबिन मोजायला तीच नळी लागते. ते औषध काय करतंय? रक्तातलं कॅल्शियम धरून बांधून टाकतंय, म्हणून रक्त गोठत न्हाय. पण ते तेवढ्यावर थांबत न्हाय. जस्त आणि मॅग्नेशियमबी बांधतंय. आणि हे फॉस्फेटेज चालतंय कशावर? जस्तावर आणि मॅग्नेशियमवर."

"मग?"

"मग ते बसून ऱ्हातंय. यंत्र त्याला तागडीत घालून मोजत न्हाय, काम किती करतंय त्यावरनं मोजतंय." ती थांबली, भावकूकडं वळली. "आप्पा, समजा कुणी सरकारी माणूस आपल्या गल्लीत माग मोजायला आला. दार उघडून बघत न्हाय, नुसता रस्त्यावर उभा ऱ्हाऊन खटखट ऐकतोय. आणि त्याच्या आधी कुणीतरी घराघरातले धोटे पळवलेत. त्यो काय लिहील?"

भावकूच्या तोंडून आपोआप आलं, "गल्लीत माग न्हाईत."

"माग हाईत का न्हाईत?"

"जाग्यावर हाईत. धोट्याबिगार खटखट कुठली?"

"वहिनीच्या रक्तात सहाशे चाळीस जाग्यावर हाय. महाराजानं धोटा काढून घेतला. ते औषध वरच्या पिवळ्या पाण्यातबी उतरतंय. मग लॅबला काय कळणार, ते कसल्या नळीतनं आलं? त्यांनी ऐकलं, लिहिलं, शिक्का मारला. तू डोळ्यात तेल घालून नळी सांभाळलीस, दादा. चोरी झाकण उघडायच्या आधीच झालीती."

भावकू भिंतीला टेकून बसला. चाळीस वर्षांच्या थापांत त्यानं एक नेम पाळला होता: थाप मारावी, पण धोटा पळवू नये.

किशन मात्र हटायला तयार नव्हता. भीती इतक्या सहजासहजी जागा सोडत नाही. "हे तुझं पुस्तकातलं. महाराजांची शक्ती नळीतसुद्धा असू शकंल."

"असू दे. आज मठानं परत नळी दिलीया?"

दिली होती. 'पुष्टी'ची. तांबडा दोरा बांधलेली ती बारकी नळी किशननं देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली होती.

"ती फ्रिजमध्ये ठेव, देवाला रक्ताचं काय करायचंय. उद्या तीच लॅबला दे. त्याच लॅबला. फक्त चिठ्ठीवर महाराजाच्या एका तपासणीखाली दोन नावं वाढव: कॅल्शियम, पोटॅशियम. आणि वहिनीला बरोबर ने, लॅबवाल्यांनाच त्यांच्या तांबड्या झाकणाच्या नळीत रक्त काढू दे. माझ्यावर विश्वास ठेवू नको, महाराजावरबी नको. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसलेल्या मंगलला हुडहुडी भरली. बाहेर ऊन, आणि ती दातावर दात वाजवत म्हणाली, "गोधडी द्या." प्रियदर्शनीनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काही न बोलता रिक्षा बोलावली. खडेबाजारातल्या गर्दीतून लॅबपर्यंत जाईस्तोवर मंगल दोनदा शहारली. नळी दिली, रक्त दिलं. प्रियदर्शनीनं तिथल्या बाईंना निकाल तातडीनं द्यायला सांगितलं आणि दवाखान्यात फोन लावला. किशन तरी म्हणत होता, "कागद बघू दे, मग जाऊ."

तासाभरानं चौघं बाकावर बसून चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोवर आतून लॅबचे डॉक्टर धावत बाहेर आले. हातात कागद, चष्मा कपाळावर.

"मंगल कोण? पेशंट कुठं आहे?"

"ही काय," भावकू म्हणाला.

"शुद्धीवर आहे?"

"शुद्धीवर? मगाशी रिक्षावाल्याशी भांडली!"

डॉक्टरांनी मंगलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भूत बघितल्यावर माणूस जसा बघेल तसं. मग सुस्कारा सोडला. "एकाच नावाचे दोन नमुने आलेत. तुम्ही आणलेल्या नळीप्रमाणं बाईंच्या रक्तात कॅल्शियम जवळजवळ शून्य, आणि पोटॅशियम आमच्या यंत्राच्या मापाबाहेर. अशा माणसाचं हृदय चालूच शकत नाही. या कागदाप्रमाणं बाई वारलेल्या आहेत."

"अगं बाई!" मंगल म्हणाली.

"फॉस्फेटेज मात्र छान आहे. चाळीस." डॉक्टरांनी दुसरा कागद वर घेतला. "आणि हे आम्ही काढलेलं रक्त. कॅल्शियम नीट, पोटॅशियम नीट. फॉस्फेटेज सातशे बारा. कावीळ चांगलीच वाढलेली. तुम्ही आणलेला नमुना वांगी झाकणाच्या नळीतला दिसतो, त्यातल्या औषधानं पोटॅशियमही भरतं. कुणी दिला?"

किशननं दोन्ही कागद हातात घेतले. एकावर त्याची बायको मेलेली आणि आजार बरा. दुसऱ्यावर बायको जिवंत आणि आजार उरावर. पंधरा-वीस दिवस तो पहिल्या कागदाला अगरबत्ती ओवाळत होता. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"दादा," प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "रडायचं असंल तर रिक्षात रड."

संध्याकाळच्या आत दुर्बिणीनं खडा निघाला. हरभऱ्याएवढा. मागून पित्त आलं आणि पित्ताबरोबर पू. डॉक्टरांनी बाहेर येऊन किशनला एवढंच सांगितलं, "आणखी दोन दिवस अंगारा चालवला असता तर आम्ही काहीच करू शकलो नसतो." भावकूला वाटलं ते आपल्यालाही काही बोलतील, पण ते त्याच्याकडं न बघताच निघून गेले.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर भावकू आणि प्रियदर्शनी बसली होती. भावकूनं आज सकाळपासून एकही थाप मारली नव्हती, हे वडगावात सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

"आप्पा," प्रियदर्शनी म्हणाली, "तुमच्या नदीच्या गोष्टीनं आजवर कुणी बुडालं न्हवतं."

त्याला एवढं पुरलं. मग म्हणाला, "त्यो महाराज आधी काय करत असंल गं?"

"रक्त काढायचंच काम करत असणार. दुसऱ्या कुणाला ही चूक म्हाईत असणार? आम्ही चुकलो, बोलणी खाल्ली, शहाणे झालो. त्यानं बोलणी खाल्ली आणि मठ बांधला."

आता यात अंगारा कुठं होता, शक्ती कुठं होती, ते वाचणाऱ्यानं आपलं आपण शोधावं. मंगलचं अंग जे सांगत होतं, डोळे जे सांगत होते, मनगटावरची नखं जे ओरडून सांगत होती, ते सगळं एका आकड्यानं गप्प केलं होतं. आकडा माणसाचा चाकर आहे. माणसानं त्याला हार घातला, की तो धनी होतो, आणि धनी झालेला चाकर घरातल्यांना उपाशी मारतो. कुणी एकच आकडा दाखवला तर बाकीचे मागावेत. उतरला म्हटलं तर कसा, कुणी, कशात मोजला, हे विचारावं. आणि विचारल्यावर जो चिडतो त्याच्या मांडवात बसू नये.

तीन आठवडे गेले. मंगलचे डोळे पांढरे झाले, खाज थांबली, भाकरी पूर्वीसारख्या फुगू लागल्या. गुरुवार आला तसा भावकूनं ठेवणीतला फेटा काढला.

"कुठं निघालाय?" किशननं विचारलं.

"मठात. माझ्या जिभेनं लोक तिथं बसवलेत. उठवायला दुसऱ्या कुणाची जीभ कुठनं आणू?"

"मामंजी, मीबी येणार," मंगल म्हणाली. किशन आणि प्रियदर्शनीही निघाले.

मांडव तसाच भरला होता. शिष्यानं भावकूला बघताच रांग मोडून वर नेलं. असा साक्षीदार मठाला साड्यांच्या ढिगापेक्षा मोलाचा. मंगल डोक्यावरून पदर पुढं ओढून बायकांत जाऊन बसली. बायाक्कानं सरकून जागा दिली, ओंजळीत भाजक्या शेंगा दिल्या. आरोही मांडवाच्या खांबाला टेकून स्वतःची उंची मोजत होती.

भावकूनं माइक हातात घेतला. आज तो उड्या मारत नव्हता. त्यानं फेटा काढला आणि काखेत धरला. मांडव हळूहळू गप्प झाला.

"मंडळी, माझी सून मंगल तुम्हाला म्हाईत हाय. सहाशे चाळीसचे अडतीस झालते, ती. महाराजांनी पुष्टीची नळी दिली. मी लॅबला नेली. हा त्याचा कागद." त्यानं कागद उंच धरला. "वरच्या ओळीत आकडा, चाळीस. उत्तम! पण खाली लॅबनं आणि दोन ओळी लिहिल्यात. कॅल्शियम न्हाय. पोटॅशियम मापाबाहेर. डॉक्टर म्हणाले, आप्पा, या रक्ताचा माणूस जगत न्हाय." त्यानं कागद खाली घेतला. "मंडळी, माझी सून गेली."

मांडवातून हाय निघाली. बायका पदर तोंडाला लावू लागल्या. महाराजांच्या चेहऱ्यावरून क्षणभर रंग उतरला, पण चार वर्षांचा सराव होता. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला.

"शांत व्हा! आम्हाला हे आधीच कळलं होतं. पहाटेच्या ध्यानात ती बाई आम्हाला दिसली. पांढऱ्या वस्त्रात. आमच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, महाराज, आकडा उतरला, आता मी चालले. बेटा भावकू, रोग आम्ही घेतला होता. तिची श्रद्धा कमी पडली. जीव मात्र आमच्या समोरून वर गेला, आम्ही प्रत्यक्ष..."

"खोटं!"

बायकांच्या रांगेतून आलेला तो आवाज एवढा खणखणीत होता, की शंखवाल्याच्या हातातला शंख निसटला. बायाक्का उठून उभी होती. एका हातानं तिनं शेजारणीचा पदर मागं ओढला होता.

"खोटं बोलतोय म्हातारा, आणि खोटं बोलतोय ह्यो महाराजबी! कुठली पांढऱ्या कापडात? ही बघा हिरव्या लुगड्यात, माझ्या शेजारी बसून माझ्याच शेंगा खातीया!"

"पण आक्का," भावकू माइकमधून म्हणाला, "कागदावर तर शिक्का हाय."

"शिक्का घाल चुलीत! जित्ती बाई डोळ्यासमोर असताना कागदाचं कशाला ऐकू?" बायाक्कानं नातीचा हात धरून तिला खांबापासून ओढून जवळ घेतलं आणि व्यासपीठाकडं बोट रोखलं. "आणि त्या कागदातल्या खालच्या दोन ओळी खोट्या, तर वरची एकटीच खरी कशावरनं?"